दोन मालकांची सालदारकी

परदेशातली नोकरी म्हणजे सालदारकीच, असं सांगितलं ते मी. मुकादमाने नाही. पुढे कित्येक वर्षं गाव समजून होतं की ते मुकादमानेच सांगितलं, आणि गावाला तसं समजायला मीच लावलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायचं ठेवलं तर तोपर्यंत मी स्वतःसाठी काहीतरी सवलत शोधून काढेन. ती कला मला चांगली येते.

ऐंशीच्या दशकात मी जळगावला स्टेशनजवळ, सायकलच्या एका दुकानावरच्या खोलीत नोकरीला होतो. मुंबईच्या एका एजंटाची ती शाखा. शाखा म्हणजे एक टेबल, एक टेलिफोन, भिंतीवर आखाती देशांचा नकाशा आणि मी. धंदा तिकडे माणसं पाठवण्याचा. गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर अशी माणसं सुटी सुटी जात. एके दिवशी मुंबईहून साहेबांचा फोन आला. तिकडे समुद्राकाठी एक मोठी केळीबाग आहे, तिला माणसं हवीत, आणि सुटी नकोत, एकमेकांच्या हाताची सवय असलेली अख्खी टोळी हवी. केळी म्हटल्यावर त्यांना जळगाव आठवलं आणि जळगाव म्हटल्यावर मी.

मांडणी मात्र नवीन होती. बागवाल्याला परदेशी माणसं कामाला हवी होती, पण आपल्या नावावर नको होती. व्हिसा, राहायची सोय, आजारपण, परत पाठवणं, ही कटकट त्याला नको होती. म्हणून तिथलीच एक कंपनी मध्ये उभी होती. कागदोपत्री ही माणसं त्या कंपनीची नोकर. पगार कंपनी देणार, घाम बागेत गाळायचा. मी साहेबांना विचारलं, म्हणजे यांचा मालक कोण? ते म्हणाले, "कागदावर कंपनी. तू कागदावरचं बोल. बाकीचं तिथे गेल्यावर ज्याचं त्याला कळतं." मला हे बोलणं फार व्यवहारी वाटलं. एवढ्या लवकर आपल्याला धंद्यातलं मर्म सांगितलं जातंय, याचा थोडा अभिमानही वाटला.

टोळी शोधायला मी सावद्याला गेलो. केळीच्या व्यापाऱ्यांमध्ये दोन दिवस फिरलो आणि सगळ्यांकडून एकाच मुकादमाचं नाव ऐकलं. ते मूळचे धुळ्याकडचे. सासुरवाडीच्या गावी, जळगावच्या पश्चिमेला, येऊन राहिलेले. सारं गाव त्यांना नाना म्हणे. हंगामात टोळी घेऊन ते रावेर-सावद्याच्या बागांमध्ये घड कापायला आणि वॅगनी भरायला जात. नाना फार बोलत नसत. पण ते म्हणाले अमक्या बागेत जायचं, की माणसं चुलीवरची भाकरी उतरायची वाट न बघता निघत. मजुरी काय, परतायचं कधी, हे कुणी विचारत नसे. नानांनी विचारलेलं असणारच, असं प्रत्येकाला ठाऊक असे. बाहेरून आलेल्या माणसाची गावात दुसरी काही इस्टेट नव्हती. न जमीन, न भाऊबंद. हा शब्द तेवढा होता.

गावातल्या शाळेच्या ओट्यावर मी करार वाचून दाखवला. आधी इंग्रजीत, मग माझ्या मराठीत. माझी मराठीही त्या दिवशी इंग्रजीइतकीच अवघड झाली होती. "प्रथम पक्ष", "द्वितीय पक्ष", "लाभधारक आस्थापना". टोळीतली सगळी माणसं समोर बसून सभ्यपणे ऐकत होती, आणि त्यांना काही कळत नव्हतं हे मला दिसत होतं. वाचून झाल्यावर नाना म्हणाले, "ते ठीक शे भाऊ. पन आमना मालक कोन शे?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. मग काम कंपनीच्या बागेत का? नाही, काम दुसऱ्याच्या बागेत. मग मालक तो? नाही, तो फक्त काम सांगणार. मग कामाचं बोलायचं कुणाशी? त्याच्याशी. आणि पगाराचं? कंपनीशी. कंपनी बागेत असते का? नाही, ती शहरात असते. एक जण हळूच म्हणाला, म्हणजे बैल एकाचे, वखर दुसऱ्याचा आणि चारा तिसऱ्याने टाकायचा. सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण शेवटची एसटी गाठायची होती आणि ती चुकली तर रात्र गावात काढावी लागणार होती.

तेव्हा मला ते सुचलं. मी नानांना ओट्याच्या टोकाला नेऊन म्हणालो, "नाना, सालदारकीच समजा. फक्त एका सालाऐवजी दोन सालांची."

नानांचा चेहरा एकदम मोकळा झाला. सालदारकी सगळ्यांना माहीत होती. काहींनी केली होती, काहींच्या बापांनी जन्मभर केली होती. आमच्या खानदेशात सालदार आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला ठेवतात. साल त्या दिवशी सुरू होतं आणि त्याच दिवशी संपतं. सालभर तो माणूस शेतमालकाचा. पण आखाजीला तो कामाला हात लावत नाही. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून तो मालकाच्या घरी जेवायला जातो. जेवण झाल्यावर मालक सांगतो, पुढचं साल ठेवतो की नाही. आणि सालदारही सांगतो, राहतो की नाही. त्या एका दिवशी दोघांना सारखाच अधिकार. जेवायलाच बोलावलं नाही तर त्याचा अर्थ सरळ आहे: तुला आम्ही माणसात धरत नाही. मजुरी थकली तर सालदार सहन करतो, हे सहन करत नाही. असोद्याला आमच्या घरी सालदार होता. दर आखाजीला तो ओसरीवर पहिल्या पंगतीला बसलेला मी लहानपणापासून पाहिला होता. त्यामुळे मी काय बोलतोय ते मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

नानांनी विचार केला आणि विचारलं, "तठे आखाजीनं काय?"

मी पिशवी उचलत हसून म्हणालो, "मालक कुठलाही असला तरी मालकच असतो नाना. सण कुणाला चुकलाय?"

ते "हो" होतं. शब्द तेवढा मी वापरला नव्हता, पण नानांनी तो ऐकला आणि ऐकणं बरोबर होतं. मी एसटी गाठली. मागे नानांनी टोळीला काय सांगितलं ते मला नंतर कळलं: सालदारकी शे, दोन सालनी, रीत तीच. त्यावर सगळे तयार झाले. टोळीत बौद्ध वस्तीतले दोघे होते. ते आखाजी सण म्हणून पाळत नसत, पण सालाचा दिवस म्हणून पाळत. त्यांनीही मान हलवली.

टोळी गेली. पहिले काही महिने उत्तम गेले. बागेतून मुंबईला कौतुकाचा टेलेक्स आला, मुंबईहून मला कौतुकाचा फोन आला. साहेबांनी विचारलं, एवढी माणसं तू एका बैठकीत कशी तयार केलीस? मी सांगितलं, लोकांच्या भाषेत समजावून सांगावं लागतं. नंतर ते हे वाक्य दुसऱ्या शाखांनाही ऐकवत असत, असं कानावर आलं.

मग आखाजी आली.

तिकडे काय झालं ते मी पुढे तीन-चार जणांकडून ऐकलं आणि सगळ्यांचं सांगणं जुळत होतं. आखाजीच्या सकाळी टोळीने अंघोळी केल्या. जाताना खास ठेवलेले पांढरे कपडे आणि टोप्या घातल्या. अशी ती सगळी माणसं बागवाल्याच्या बंगल्यावर गेली, आवारातल्या झाडाखाली पंगत धरून बसली आणि बोलावण्याची वाट पाहू लागली. बोललं कुणीच नाही, कारण अशा वेळी आपण होऊन बोलायचं नसतं. बागेच्या मॅनेजरने खिडकीतून पाहिलं. कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेला, एकसारखे कपडे घातलेले मजूर मालकाच्या दारात मुकाट्याने ओळीत बसलेत. त्या देशात संप हा गुन्हा होता. मॅनेजर घाबरला. तो बाहेर येऊन हिंदीत ओरडला, काय पाहिजे? नाना म्हणाले, आमी जेवाले उनूत. मग हिंदीत म्हणाले, खाना खाने आये हैं.

मॅनेजरला यात काहीतरी धमकी असावी असं वाटलं. त्याने सांगितलं, तुम्ही आमची माणसं नाहीच. तुम्ही कंपनीची माणसं, जे काय असेल ते कंपनीकडे बोला.

आता यात रागावण्यासारखं नानांना काही दिसलं नाही. मालक कोण हा प्रश्न त्यांनी पहिल्याच दिवशी विचारला होता आणि आज त्याचं उत्तर मिळालं होतं, एवढंच. ते टोळीला म्हणाले, चला, आपलं घर चुकलं. माल नेणाऱ्या एका ट्रकमधून ते सगळे शहरात कंपनीकडे गेले. कंपनी म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली होती. तिथला कारकून एकटाच बसून डबा खात होता. दारात पांढऱ्या टोप्यांची रांग बघून त्याने डबा झाकला. तो म्हणाला, मी तुम्हाला ओळखतसुद्धा नाही. तुम्ही बागेचे, बागेत जा. आणि मुख्य म्हणजे आज कामावर का नाही? तुमचा पुढारी कोण?

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, मी.

वर्षभर बागवाला आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवत होते. पाण्याची टाकी कुणी दुरुस्त करायची, औषध कुणी आणायचं, काहीही असो. त्या दिवशी पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. पुढाऱ्याला परत पाठवायचं आणि टोळी मोडायची. कराराप्रमाणे कंपनी आपली माणसं कुठेही कामाला लावू शकत होती. तिने ती लावली. दोघे बर्फाच्या कारखान्यात, तिघे गोदीवर, काही कुठल्याशा इमारतीत जिने पुसायला. ज्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या खांद्यावर घड दिले, त्यांना उरलेलं साल एकमेकांचं तोंड दिसलं नाही. त्या सगळ्या काळात त्यांना जेवायला मात्र कुणी बोलावलं नाही.

नाना एकटे गावी परतले आणि आठवड्यात मला गावातून निरोप आला. जायच्या आधी मी साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "आपण तसं काही कबूल केलेलं नाही. कराराची प्रत घेऊन जा." मी प्रत घेऊन गेलो.

पारावर गाव जमलं होतं. तिकडे अडकलेल्यांचे बाप, भाऊ, बायका. नाना एका बाजूला बसले होते. सालदारकीचं नानांनी भाऊंच्या, म्हणजे माझ्या, सांगण्यावरून सांगितलं, हे त्यांनी आधीच लोकांना सांगितलं होतं. माझ्याकडून फक्त खात्री करून घ्यायची होती. मी प्रत उघडली आणि सांगितलं, यात तसा शब्द कुठेही नाही. ते खरं होतं. बर्फाच्या कारखान्यात पाठवलेल्या एकाचे वडील, सगळे त्यांना आबा म्हणत, ते म्हणाले, "कागदमा नही, ते समजनं. तोंडानी सांगं व्हतं का?"

त्या प्रश्नातून निघायला दोन रस्ते होते. मला नोकरी टिकवायची होती. मी म्हणालो, "नाही. नानांच्या ऐकण्यात काहीतरी फरक झाला असेल."

"ऐकण्यात फरक" हा माझा सौम्यपणा होता. मी त्यांना खोटारडा म्हणालो नाही, याचं मला परतीच्या एसटीत बरं वाटत होतं. शिकलेला माणूस असं खोटं बोलतो की ऐकणाऱ्याला आपली गय झाली असं वाटावं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं, तंबाखू मळत होते ती मळून झाली, तोंडात टाकली आणि उठून गेले. त्यांनी वाद घातला असता तर मला सोपं गेलं असतं. पुढच्या हंगामात त्यांच्या हाताखाली कुणी उभं राहिलं नाही. ते सावद्याला दुसऱ्या एका मुकादमाच्या टोळीत, आपल्यापेक्षा वयाने लहान मुकादमाच्या, घड वाहायला जाऊ लागले. गावात कुणी काही पक्कं सांगू लागलं की लोक थट्टेने विचारत, हे नानांनी सांगितलं का? मला हे सगळं कळत होतं. जळगावहून गाव काही लांब नव्हतं.

मुंबईच्या साहेबांनी काही वर्षांत धंदा गुंडाळला. नकाशा मी घरी आणला, टेलिफोन त्यांनी नेला. मला धुळ्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम मिळालं. टेबल कारखान्यात, हुकूम कारखान्याच्या साहेबाचा, पण नोकर मी एका ठेकेदाराचा. ठेकेदाराचं कार्यालय जळगावला. सही करताना मी करार नीट वाचला. मला वाटलं, चला, या विषयातला आपल्याला अनुभव आहे.

दिवाळीला कारखान्यात कामगारांना मिठाईचे पुडे वाटत होते. मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर वाटणाऱ्याने यादी पाहिली आणि म्हणाला, तुम्ही ठेकेदाराचे, तुमचा पुडा तिकडे. त्या शनिवारी जळगावला घरी आलो तेव्हा मी ठेकेदाराकडे गेलो. तो हसला आणि म्हणाला, काम तिकडे करता आणि मिठाई इकडे मागता? मला मिठाईची गरज नव्हती. ती मी विकत घेऊ शकत होतो आणि घेतलीही. पण पुडा हातात घेऊन रस्त्यावर उभा राहिलो तेव्हा मला त्या आवारातली पांढऱ्या टोप्यांची पंगत दिसली. मी बी.कॉम. होतो. करार वाचून सही केली होती. तरी मी दोन दारं हिंडून आलो होतो, आणि माझ्या ऐकण्यात काही फरक झाला होता असं मला म्हणता येईना.

तरी नानांकडे जायला मला हिवाळा सरावा लागला. मी गेलो तोही मिठाई घेऊन. नाना अंगणात दोरी वळत बसले होते. केस पांढरे झाले होते. मी सगळं सांगितलं. खोटं मी बोललो, तुमचं बरोबर होतं, फार मनाला लागून राहिलंय. बरंच सांगितलं. नानांनी दोरी खाली ठेवली नाही. माझं झाल्यावर ते म्हणाले, "माले कसाले सांगतस भाऊ? माले ते माहीतच शे."

दोरीला आणखी एक पीळ पडला. ते म्हणाले, "ज्यास्ले माहीत नही, त्यास्ले सांगा."

मग त्यांनी असंही सांगितलं, की टोळीतले बहुतेक जण केव्हाच परत आलेत. सावद्याचा एक व्यापारी आपल्याला पुन्हा टोळी बांधायला सांगतोय, पण माणसं हो म्हणत नाहीत. साल-महिन्याचं सगळं आखाजीला ठरतं, तेव्हा काय ते ठरेल. यात त्यांनी मला काहीही करायला सांगितलं नाही. मी विचारलं, लोक मारतील का? नाना पहिल्यांदा किंचित हसले. "सण शे," ते म्हणाले. "सणले कोनी मारत नही."

मिठाई त्यांनी घेतली नाही. घरात गोड चालत नाही म्हणाले. दारातून एक बाई पाटावर शंकरपाळे पसरताना दिसत होती.

आखाजीला मी गेलो. गावात निंबाच्या फांद्यांना झोके बांधले होते, माहेरी आलेल्या पोरी त्यावर गाणी म्हणत होत्या. पारावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगले होते. आखाजीला आमच्याकडे पत्ते खेळायला सगळी मुभा असते. आबा खेळत होते, टोळीतले सहा-सात जण खेळत होते, नाना बाजूला बसून दुसऱ्याच्या हातातले पत्ते बघत होते. मी म्हणालो, मला दोन शब्द बोलायचे आहेत. डाव मोडणं कुणालाच पसंत नव्हतं. डाव संपेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो. माझ्या आयुष्यातल्या सर्वात मोठ्या प्रसंगाला लोकांना फुरसत नव्हती, आणि ते योग्यच होतं.

नानांना पुढे माणसं मिळाली. सगळी नाही, पण टोळी म्हणता येईल इतकी. ते माझ्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. आधी मोडली ती माझ्यामुळे, एवढं मला म्हणता येतं.

डाव संपला. मी भाषण तयार करून आणलं होतं. "त्या काळची परिस्थिती अशी होती," असं मी सुरू केलं. मुंबईचं कार्यालय, कराराची भाषा, गैरसमज कसे होतात, असं बरंच आलं. लोक पुन्हा सभ्यपणे ऐकू लागले, शाळेच्या ओट्यावर ऐकत होते तसेच. तेवढ्यात पत्ते पिसता पिसता आबा वर न बघता म्हणाले, "भाऊ, पत्ता टाक आते. कवयना पिसी राह्यना."

केव्हाचा मी नुसताच पिसत होतो; लोक हसले. मग मी ते बोललो.

"सालदारकीचं नानांनी आपल्या मनाने सांगितलं नाही. मी सांगितलं होतं, शाळेच्या ओट्यावर. आखाजीचं त्यांनी विचारलं, तेव्हा मला एसटी गाठायची होती म्हणून मी हो म्हणालो. नंतर आबांनी इथेच विचारलं आणि मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. नानांनी तुम्हाला जे सांगितलं ते शब्दाला शब्द माझं होतं, आणि ते त्यांच्या माथी मारून मी निघून गेलो. नाना, मला माफ करा. आबा, तुम्हीही. सगळ्यांनीच."